अर्दियाच्या हॉलमधला मोहल्ला

कुवेतमध्ये मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. नवरा मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत टेक्निशियन आहे आणि मी एका खासगी क्लिनिकमध्ये. आम्ही मूळचे मुरुडचे. इथे येऊन चौदा वर्षं झाली. पेशंटच्या घरी जायचं, पाऊण तास व्यायाम करून घ्यायचा, कागदावर सही घ्यायची आणि पुढच्या घरी निघायचं, असं माझं काम. त्यातल्या एका घरी मी ठरल्यापेक्षा फार जास्त दिवस जात राहिले, त्याबद्दल हे लिहिते आहे.

अर्दियातलं घर होतं. पेशंट सत्तरी ओलांडलेली, काळी, उंच कुवेती बाई. घरातले सगळे तिला यम्मा म्हणत, म्हणजे आई. मीही तेच म्हणायला लागले. खुब्याचं ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाले होते. हाड नीट जुळलं होतं, तरी ती चालत नव्हती. वॉकर पलंगाशेजारी उभा होता आणि त्यावर तिचा काळा झगा, अबाया, वाळत घातला होता.

"कुठे चालू?" तिने विचारलं. "या पलंगापासून त्या दारापर्यंत? दारात काय आहे?"

आमचं बोलणं तोडक्यामोडक्या दोन भाषांत चाले. माझी अरबी दवाखान्यापुरती. तिचे वडील शिडाच्या जहाजावर खलाशी होते, मुंबईपर्यंत जायचे, म्हणून तिला थोडं हिंदी येत होतं. शिवाय इथल्या जुन्या बोलीत पंख्याला 'बनका' आणि चष्म्याला 'कश्मा' म्हणतात, त्यामुळे अर्ध्या वस्तू आम्हाला न सांगता कळायच्या.

पहिले चार दिवस काहीच झालं नाही. पाचव्या दिवशी मी सहज विचारलं, "यम्मा, लहानपणी तुम्ही कुठे चालत जायच्या?"

"समुद्रावर. आणखी कुठे?"

"घरापासून लांब होता?"

तिने डोळे मिटले आणि सांगायला लागली. जुन्या शहराच्या भिंतीच्या आत, आता दस्मान म्हणतात त्या बाजूला, त्यांचा फिरीज होता. फिरीज म्हणजे मोहल्ला. तिथली बरीच घरं तिच्यासारख्या काळ्या लोकांची होती. दारातून बाहेर पडलं की डावीकडे शेजारणीचं दार, मग भाकरीवाल्याची भट्टी, मग गाणं-वाजवणं चालायचं ते वाजवायचं घर, मग वळण, मग पाणी.

माझ्या बॅगेत पांढरी चिकटपट्टी असते. हॉलची फरशी लांबलचक होती. मी तिच्या खोलीच्या उंबऱ्याशी एक पट्टी लावली. "हे तुमचं दार." चार पावलांवर दुसरी लावली. "हे शेजारणीचं. आज तिच्याकडे जाऊन येऊ."

तिने मान उचलून पट्टीकडे बघितलं. मग म्हणाली, "चार पावलं नाहीत. सहा."

मी पट्टी सरकवली. ती उठली. वॉकर धरून सहा पावलं गेली, दम घेतला, आणि रिकाम्या भिंतीकडे बघून सलाम केला. परत येताना घामाघूम झाली होती, पण बसल्यावर तिने पाणी मागितलं आणि उद्या किती वाजता येणार ते विचारलं.

आठवडाभरात आम्ही भट्टीपर्यंत पोचलो. त्या दिवशी तिची मुलगी लवकर घरी आली. ती शाळेत इतिहास शिकवते. फरशीवरच्या पट्ट्या आणि त्यांवर मी इंग्रजीत लिहिलेले शब्द बघून ती तिथेच खाली बसली. मला वाटलं, फरशी खराब केली म्हणून रागावणार.

"ही भट्टी कोणी सांगितली?" तिने इंग्रजीत विचारलं.

"यम्मांनी."

"मी पंधरा वर्षं विचारतेय," ती म्हणाली. "दर वेळी म्हणते, सांगण्यासारखं काही नव्हतं, गरिबांची घरं होती. सरकारने ती जागा घेतली, घरं पाडली, आम्हाला इकडे नवी घरं मिळाली. बस, एवढंच."

दुसऱ्या दिवशी ती मोठा चार्ट पेपर घेऊन आली. यम्मा चालायची, मी तिचा तोल सांभाळायचे आणि मुलगी मागून कागदावर घरं मांडायची. पुढच्या आठवड्यात यम्माच्या दोन बालमैत्रिणी आल्या. भट्टी डाव्या हाताला की उजव्या, यावरून तिघींची अशी जुंपली की व्यायामाचा वेळ संपून गेला. शेवटी एकीने आपल्या पोटरीवरचा जुना डाग दाखवला. भट्टीच्या कठड्याला भाजलं होतं, डाव्या पायाला, म्हणजे जाताना भट्टी डावीकडेच असणार. ते सगळ्यांना पटलं.

वाजवायच्या घराबद्दल मात्र वाद नव्हता. तिथे तंबुरा होता. आपल्या तंबोऱ्याशी त्याचा संबंध नाही, हे मांडीवर उभं धरायचं तारांचं वाद्य आहे. एक माणूस कमरेला बकऱ्यांच्या खुरांचा पट्टा बांधून नाचायचा, त्याचा खुळखुळाट व्हायचा. कोणी आजारी पडलं, कोणाचं मन उडालं, की त्याला तिथे नेत. गाण्यातले काही शब्द आफ्रिकेतले होते. त्यांचा अर्थ या तिघींनाही ठाऊक नव्हता, पण चाल तिघींना येत होती. यम्मा त्या घराच्या पट्टीवर उभी राहून गुणगुणली आणि वॉकरवरचे तिचे हात सैल सुटले. मी पुढे होऊन धरणार होते, पण ती पडली नाही.

मग एका दुपारी यम्माचा भाऊ आला. तिच्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, काठी टेकत चालणारा, सगळे त्यांना हाजी म्हणत. भिंतीवर लावलेला चार्ट त्यांनी जवळ जाऊन वाचला. भाचीने प्रत्येक घराखाली कुटुंबाचं नाव लिहिलं होतं, आणि ते लोक मुळात कुठून आले, कोणाच्या घरी कामाला होते, हेही लिहायला घेतलं होतं. हाजी आणि यम्माच्या आजोबांच्या घराखाली लिहिलं होतं: झांझिबारच्या बाजूने जहाजावर आणले.

"हे कोणी विचारलं?" हाजींनी विचारलं.

"मी विचारलं, मामा," मुलगी म्हणाली.

"घरं काढ. भट्टी काढ. आजोबांना कशाला काढतेस? लोक अजून रस्त्यात आपल्याला 'गुलाम' या एका शब्दाने हाक मारतात, ते कमी आहे का? माझ्या नातीचं लग्न ठरतंय. समोरचे लोक हे वाचून काय म्हणतील?"

"जे खरं आहे तेच म्हणतील."

त्यांनी चार्ट भिंतीवरून उतरवला. त्याची घडी घातली, काखेत मारला आणि माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचं काम पाय बरा करायचं आहे."

ते गेले. यम्मा पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. पुढचे दहा-बारा दिवस ती उठली नाही. क्लिनिकमध्ये तक्रार जाईल या भीतीने मी फरशीवरच्या पट्ट्या काढून टाकल्या. नवरा म्हणाला, "लोकांच्या घरगुती गोष्टीत तू पडूच नको." त्याचं म्हणणं चूक नव्हतं, पण मला त्या घरात जाताना अपराधी वाटत होतं.

एक दिवस नुसती तिचा पाय दाबत बसले असताना मी तिला आमच्या गावाबद्दल सांगितलं. मुरुडसमोर समुद्रात जंजिरा किल्ला आहे. तो सिद्दींचा होता. सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून आलेले लोक, तुमच्यासारखेच जहाजाने आलेले.

"त्या किल्ल्यात कामाला?" तिने विचारलं.

"नाही. राज्य करायला. किल्ल्याचे मालकच ते."

ती कोपरावर टेकून उठली. "खोटं बोलू नकोस."

"अल्लाशपथ."

मग मी तिला पुढचंही सांगितलं, जे मी कोणाला सांगितलं नव्हतं. शाळेच्या पुस्तकात सिद्दी फक्त शत्रू म्हणून यायचे. आमच्या वर्गात एक सिद्दी मुलगी होती, कुरळ्या केसांची. सगळे तिला 'जंजिरा' म्हणून चिडवायचे, मीही. तिची आई कशी बोलते, त्यांच्या घरी काय गातात, ते लोक कसे आले, मी कधी विचारलं नाही. पाच वर्षं एका बाकावर बसलो. सातवीनंतर ती शाळेत आली नाही, आणि ती कुठे गेली हेही मी विचारलं नाही.

"तू लहान होतीस," असं काही यम्मा म्हणाली नाही. म्हणाली, "तू विचारत नाहीस, हे तिला कळत असणार." आणि मग, "वॉकर दे."

त्या दिवशी पट्ट्या नव्हत्या. ती आठवणीनेच वळणापर्यंत गेली.

संध्याकाळी तिने भावाला फोन लावला. काय बोलली ते मला माहीत नाही, मुलीने मला नंतर सांगितलं की किल्ल्याची गोष्ट तिने दोनदा सांगितली. हाजी आणखी आठ दिवसांनी आले. चार्ट काखेत होता. टेबलावर पसरला तर त्यात त्यांनी निळ्या पेनाने बरंच काही घातलेलं. विहीर, नावा ओढून ठेवायची जागा, जाळी विणणाऱ्या आंधळ्या म्हाताऱ्याचा ओटा.

"तुमची गल्ली फार सरळ आहे," ते भाचीला म्हणाले. "आमची गल्ली अशी नव्हती. इथे वाकायची. इतकी अरुंद की गाढव वळायचं नाही."

आजोबांच्या घराखालची ओळ त्यांनी खोडली होती आणि स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहिली होती. आजोबांचं पूर्ण नाव आणि ते कुठून आले, एवढंच.

"कोणाच्या घरी होते ते नाही लिहिलंत," मुलगी म्हणाली.

"ते मी मेल्यावर लिही."

ती वाद घालणार होती. यम्माने हातानेच तिला थांबवलं. "एवढं लिहिलं, ते काय कमी आहे?" असं म्हणून तिने भावापुढे खजुराची बशी सरकवली. त्यांनी दोन खाल्ले.

एका शुक्रवारी सकाळी आम्ही सगळे दस्मानला गेलो. थंडीचे दिवस होते. ती जागा आता गाड्या लावायचं मैदान आहे, पलीकडे उंच काचेच्या इमारती आणि मग समुद्राकाठचा रस्ता. यम्मा वॉकर घेऊन उतरली, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "ही जागा नव्हे." हाजी म्हणाले, "हीच. पाणी पूर्वी जवळ होतं, भराव टाकून मागे ढकललंय." ती म्हणाली नाही, ते म्हणाले हो. मुलगी नकाशा उलटासुलटा फिरवत राहिली. कोणाचंच नक्की ठरलं नाही. मला वाटलं होतं, यम्मा रडेल. तिला तहान लागली होती. आम्ही गाडीच्या मागच्या झाकणाशी बसून थर्मासमधला चहा प्यायलो. एक गाडीवाला जागा रिकामी होते का म्हणून थांबला, आणि आम्ही उठत नाही बघून पुढे गेला.

माझी सेशन्स संपली. क्लिनिकच्या कागदावर 'स्वतंत्रपणे चालते' असं लिहून मी फाइल बंद केली. नकाशाच्या प्रती मुलीने छापून घेतल्या आणि त्या फिरीजमधून निघून वेगवेगळ्या वस्त्यांत पांगलेल्या कुटुंबांना दिल्या. प्रती खाडाखोड होऊन परत येतात. कोणी भट्टी उजवीकडे नेतं, कोणी आपल्या आत्याचं राहिलेलं घर घालतं. हाजींच्या नातीचं लग्न झालं. नवऱ्याकडच्या लोकांनी त्या नकाशाबद्दल काही विचारलं की नाही, हे मी विचारलं नाही.

मी अजून कधीमधी जाते, आता पाहुणी म्हणून. मागच्या गुरुवारी गेले तर यम्मा घरी नव्हती. वाजवायच्या घरात गाणारी एक बाई अजून जिवंत असल्याचं तिला कळलं होतं, तिची गाणी फोनवर उतरवून घ्यायला ती काठी टेकत मुलीबरोबर गेली होती. मी आणलेला नारळाचा हलवा दार उघडणाऱ्या मोलकरणीकडे दिला, सांगितलं की पुढच्या आठवड्यात येते, आणि पुढच्या पेशंटकडे निघाले.