हिरव्या दगडाची विहीर

आमच्या नवलनानांना हिरवा रंग दाखवू नये. देवळाच्या कळसावर हिरवट ओघळ दिसला की ते रस्त्यात उभे राहतात आणि मान वर करून म्हणतात, "तांबं शे." तांबं आहे! माझ्या बहिणीच्या, मेघाच्या लग्नात वराकडच्या एका पाहुण्याचं बोट त्याच्या खोट्या अंगठीने हिरवं केलं होतं, तर नानांनी पंगत उठेपर्यंत त्या बिचाऱ्याचा हात सोडला नाही.

नाना माझे चुलते. पिंपळनेरजवळच्या आमच्या गावातून ते विशीत राजस्थानात गेले, डोंगराच्या पोटातल्या एका जुन्या तांब्याच्या खाणीत कामाला लागले आणि केस पांढरे करूनच परतले. ताईबाई काकू इथेच राहिली. शेत, गुरं, सासूसासरे सगळं तिनेच सांभाळलं, मळ्यातली विहीरही तिनेच उभं राहून खोदून घेतली. नाना वर्षातून एकदा यायचे, पाहुण्यासारखे. बायांना खाणीत उतरू देत नसत, त्यामुळे काकूने ती कधी पाहिली नाही. ऐकली मात्र भरपूर. आम्हा सगळ्यांनाच ती आता तोंडपाठ आहे, इलाज नाही.

तिथला डोंगर म्हणे आपल्यासारखा नाही. आपल्याकडे लाव्हा उतू गेला, थिजला, पुन्हा उतू गेला, म्हणून खडक भाकरींच्या चवडीसारखा थरावर थर. तिथला खडक धरणीने दाबून, पिळून उभा केलेला. त्यात तांब्याची शीर तिरकी खाली उतरते आणि माणसं लिफ्टच्या पिंजऱ्यात बसून तिच्या मागे जातात. वरच्या अंगाला फार जुन्या लोकांची बिळं आहेत. सुरुंगाची दारू नव्हती तेव्हा ते खडकाला लाकडं लावून पेटवायचे, तापला की पाणी ओतायचे आणि तडकलेला दगड उपसायचे. डोंगरावरच्या हिरव्या डागांवरूनच त्यांना तांब्याचा पत्ता लागला. खोल गेलं की तोच दगड सोन्यासारखा पिवळा निघतो. आणि खाणीत झिरपलेलं निळं पाणी भंगार लोखंडावर सोडलं की लोखंडावर तांबं चढतं! गोष्ट इथे आली की नाना थांबून आमच्या तोंडाकडे बघतात. आपणही दर वेळी आश्चर्य दाखवायचं असतं.

यंदा काकूच्या विहिरीने तळ दाखवला. मिरचीची रोपं नुकती लावलेली, त्यांनी माना टाकल्या. विहीर खोल करायला काकूने नरडाण्याच्या कुंदनला क्रेन घेऊन बोलावलं. त्याला पुढची कामं होती, परवा निघतो असं त्याने आधीच बजावलं होतं. पहिल्याच दिवशी काळा कातळ फुटला आणि खालून बादलीत वर आला तो दगड कोवळ्या हरभऱ्यासारखा हिरवा.

झालं. नाना विहिरीच्या काठावर आडवे झाले.

"सुरुंग लावू नका! तांबं शे!"

काकू म्हणाली, "माले पानी जोयजे." तिला पाणी हवं होतं, तांबं नको.

पण ऐकतो कोण! नानांनी दगड खलबत्त्यात कुटला, फळीवर हाताला आला तो गडू घेतला, त्यात ती पूड, लिंबाचा रस आणि मूठभर मीठ टाकून ठेवलं. संध्याकाळी त्यात विळा बुडवला. थोड्या वेळाने बाहेर काढला तर पात्याला लालसर तांबूस झाक! गाव गोळा झालं. नाना विळा मिरवत फिरू लागले. कुंदनने मात्र दोर गुंडाळायला घेतला. खाण निघाली म्हणजे सरकार येणार, आपण या भानगडीत नको, असं त्याचं म्हणणं. तो गेला असता तर मिरची गेलीच होती. मला नानांचा इतका राग आला होता की विळा हिसकावून घ्यावा.

काकू घरात गेली आणि तो गडू घेऊन बाहेर आली. आतलं पाणी ओतलं, गडू उजेडात धरला.

"सकायले काया व्हता हाऊ. आते इतला लख्ख कसा व्हयना?"

सकाळी काळवंडलेला तो गडू तांब्याचा होता! सणावाराला आम्ही तांब्याची भांडी लिंबू-मिठानेच घासतो. गडूचं तांबं रसात उतरलं आणि तेच विळ्यावर चढलं. तरीही नानांनी हट्टाने नवी पूड तशीच लिंबू-मिठात, पण काचेच्या बरणीत भिजवली आणि त्यात दुसरा विळा ठेवला. काकूच्या शब्दाखातर कुंदन रात्रभर थांबला. सकाळी विळ्यावर नुसता गंज.

लोक हसले. नाना ओट्यावर बसून राहिले, हातात तो हिरवा दगड. उभी हयात जे ओळखण्यात गेली तेच चुकलं होतं. माझा राग कुठल्या कुठे पळाला. काकू हसली नाही. चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवत म्हणाली, "तांबं नई तं नई. पन दगड कसा शे, ते तं सांगा."

नानांनी दगड फिरवून पाहिला. मग कप तसाच ठेवून उठले. क्रेनच्या बादलीत बसून खाली उतरले आणि खाणीत छत तपासत तशी पहारीने विहिरीची बाजू ठोकत फिरले. वर येऊन म्हणाले, हा दगड भोकाभोकांचा आहे, भोकं हिरव्या मातीने भरलीत, सडून ठिसूळ होत आलाय. पाणी असेल तर यातच. सुरुंगाची भोकं कुठे आणि किती तिरकी घ्यायची तेही त्यांनीच दाखवलं. दुपारी बार उडाला. दगडगोटे उपसेपर्यंत हिरव्या थरातून पाणी पाझरायला लागलं होतं. आधी घामासारखं, मग धार.

आम्ही ओरडत होतो. काकू पदर खोचून बादलीपाशी गेली आणि विहिरीकडे बोट करून नानांना म्हणाली,

"तुमनी खान मी दखी नई. आते हाई दखाडा."

कुंदन म्हणाला, "अक्का, पानी चढी ऱ्हायनं."

"म्हनीसन तं आतेच." विहीर भरली की उतरता येणार नव्हतं.

दोघं बादलीतून उतरली. मी काठावरून वाकून पाहत होते. खालून पहारीची ठणठण येत होती आणि नानांचा आवाज, "हाई ऐक, हाई पक्कं. आते हाई ऐक."

काकू वर आली तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. काठावर टेकून तिने एका हाताने निऱ्या पिळल्या. मग म्हणाली, "उजेड येस. गार ऱ्हास. मी उगीच इतले वरीस भेव धरी बसेल व्हती." खाली उजेड येत होता, गार होतं, आणि नाना खाणीत असताना ती इतकी वर्षं जमिनीखालच्या अंधाराची भीती धरून बसली होती.

 वर येऊन बादलीतून बाहेर पडताना नानांनी तिचा हात धरला होता, तो घर येईपर्यंत सोडला नाही. आमच्या गावात नवराबायको असे हात धरून चालत नाहीत.