नवं पूजायच्या आधी

साखरशेताच्या वरच्या पाड्यावरचा दिपेश ठाण्याच्या एका कंपनीसाठी कोड लिहितो आणि बसतो घरामागच्या कातळावर. घरात फोनला रेंज नाही, कातळावर आहे. म्हणून तिथं त्यानं बांबूचा मांडव घातला, वर ताडपत्री टाकली, खाली खुर्ची आणि एक फळी. मीटिंग चालू असताना कुणाची तरी बकरी येऊन ताडपत्री चघळायला लागते. ठाण्याची माणसं हसतात. दिपेश हसत नाही. माइक बंद करतो, बकरीला खडा मारतो, माइक चालू करतो.

त्याची मतं साऱ्या पाड्याला पाठ. जव्हारला जाताना रघ्याच्या जीपमध्ये पुढं बसला की सुरू. मोखाड्याकडचं पाणी धरणात अडवून मुंबईला नेलं, आणि चैतात मोखाड्याच्या बाया हंडे घेऊन दरीत उतरतात. आता अकलेचं पण तसंच. पोरं शिकणार इथली, अकलेचा पाइप जाणार ठाण्याला.

"आता तर मशीनच कोड लिहिते," तो सांगायचा. "मी तिच्या चुका काढतो. तिच्या चुका संपल्या का मी पण संपलो."

"मंग शेत कर," रघ्या गिअर टाकत म्हणायचा. "तुज्या शेतापर्यंत मशीन येत नाय. रस्ताच नाय."

पण एका मताला दिपेश फार जपायचा. माणूस मध्ये आला की वशिला आला. मशीनला मामा नसतो, मेव्हणा नसतो. त्याच्या कंपनीच्या अ‍ॅपवर लहानलहान लोक आपलं दुकान मांडतात, गिऱ्हाईक घरबसल्या माल मागवतं. घेतलेली ऑर्डर वेळेत बाहेर पडली नाही, असं पुन्हा पुन्हा झालं, तर दुकान आपोआप बंद. कायमचं. कुणाला विचारणं नाही, कुणाची विनवणी नाही. हा नियम दिपेशनंच लिहिला होता, आणि तो आपल्याला चांगला जमला असं त्याला वाटायचं.

ह्या पावसाळ्यात त्यानं पाड्यातल्या बायांच्या बचत गटाचं दुकान त्याच अ‍ॅपवर मांडलं. गटात त्याची आई चंद्रकला, त्याची आत्या फागी, अंगणवाडीतली प्रतिभा आणि आणखी बाया. जव्हारच्या बाजारात व्यापारी नागली, म्हणजे नाचणी, हातात घेऊन तोंड वाकडं करतो आणि पाडून मागतो. इथं तसं तोंडच दिसणार नाही, असं दिपेशनं समजावलं. फागी म्हणाली, "तोंड नाय दिसणार तर भांडू कोणाशी?" तरी बाया तयार झाल्या. दुकानाच्या पाटीवर त्यानं लिहिलं, नव्या पिकाची डोंगरी नागली. नवं म्हटलं की शहरात उठाव असतो.

ह्या "नव्या"चं पाड्यात काय आहे ते दिपेशला शेंबडा होता तेव्हापासून माहीत. नवीन दाणा आधी कणसरीला, म्हणजे धान्याच्या देवीला. पाड्यातलं शेवटचं खळं झोडून झालं की भगत दिवस सांगतो, त्या दिवशी नवं पूजायचं, मग खायचं, मग विकायचं. त्याआधी दाणा घराबाहेर जात नाही. आणि एकाच्या खळ्याला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. ज्याचं पीक त्यानंच झोडायचं. हे सगळं माहीत असून त्यानं दुकानात विक्री सुरू व्हायची तारीख टाकली ती नागली कापायची. मधल्या दिवसांना कोडात जागाच नव्हती, म्हणून त्याच्या डोक्यातही राहिली नाही.

दिवाळी झाली. खळी झोडून झाली. एकट्या पोश्याचं राहिलं. पोश्याला आणि त्याच्या बायकोला मुकादम ह्या साली लवकरच भिवंडीला घेऊन गेला होता, बिल्डिंगच्या कामावर. कणसांचा ढीग पेंढ्याखाली झाकून तो गेला. आणि इकडे ऑर्डरी यायला लागल्या.

दिपेश भगताकडे गेला. पुंजा भगत अंगणात दोरी वळत बसला होता.

"पुंजाबाबा, दिवस सांगा की."

"पोश्या येऊ दे."

"पोश्या होळीला येईल."

"मंग होळीला."

"बाबा, तिथं दुकान बंद पडल."

पुंजानं दोरीला पीळ दिला. "मांगल्या साली तुजी आये तापानं पडली होती. तुमचं खळं मांगं राहिलं. सारा पाडा थांबला का नाय? तवा कोण बोललं तुला?"

दिपेश उठला. कातळावर येऊन त्यानं पोश्याला फोन लावला. मागून काँक्रीटच्या मिक्सरचा घरघराट.

"दोन दिस येऊन जा रं," दिपेश म्हणाला. "तुझ्यासाठी सारं अडलंय."

"मुकादम बोलतो, गया तो वापस मत आना."

"तरी बघ."

"बघतो," पोश्या म्हणाला.

मग त्यानं आपल्या साहेबाला, नितीनला फोन केला. नितीन वाईट माणूस नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"दिपेश, नियम तुझाच आहे ना?"

"हो सर."

"आज तुझ्या गावच्या देवीसाठी थांबवला, तर उद्या प्रत्येक दुकानाला देव निघेल. तूच म्हणायचास ना, मशीनला मामा नसतो."

दुकानावर लाल पट्टी आली. आता एक ऑर्डर चुकली की संपलं. ते दुकान गेलं की बाया पुन्हा जव्हारच्या व्यापाऱ्याच्या तोंडापुढं उभ्या राहणार, आणि पुढल्या खेपेला दिपेशचं कोण ऐकणार? पोश्याचा फोन आला नाही. चंद्रकला गवताला गेली होती. दिपेशनं घरातल्या कणगीत हात घातला, नागली पाखडली, पिशव्या भरल्या आणि मोटरसायकलवर घालून जव्हारला कुरियरवाल्याकडे टाकून आला. वाटेत त्यानं मनाशी सगळं पक्कं केलं. देवीला काय कळतं, ठाण्यातल्या बाईला काय कळतं, आणि पाड्याला कोण सांगणार?

लाल पट्टी गेली, हिरवी आली.

पाड्याला अ‍ॅपनंच सांगितलं. ठाण्याच्या बाईनं भाकरी भाजली, आपल्या पोरीला खाऊ घातली आणि फोटो काढून दुकानावर टाकला. चवदार, अस्सल, पाच तारे. गटाचा फोन प्रतिभाकडे असतो. तिनं फोटो पाहिला, आणि फोन चंद्रकलेच्या हातात दिला.

चंद्रकलेनं तो बराच वेळ पाहिला. दोन शेंड्या घातलेली पोर, तोंडाला तूप लागलेलं, हातात काळपट भाकरी.

"पोर गोड हाय," ती म्हणाली. "तिचा काय दोष?" मग तिनं कणगीचं झाकण काढून आत पाहिलं आणि परत लावलं. दिपेशकडे बघितलं नाही.

संध्याकाळी बाया प्रतिभाच्या ओट्यावर बसल्या. दिपेशला कुणी बोलावलं नव्हतं, तो आपण होऊन गेला. शिव्या बसतील म्हणून तयारीनं गेला होता, पण शिवी कुणीच दिली नाही. दुकान वाचल्याचं त्यानं सांगितलं. ऑर्डरी कशा वाढतायत ते फोन फिरवून दाखवलं. म्हणाला, शहरातल्या माणसाला पूजा झाली का नाही ह्याचं काही पडलेलं नाही.

"तेला नसल पडलं," फागी म्हणाली. "आता देवीच्या आधी कोणी खाल्लं. मंग राहिलं ते उष्टं. उष्टं आपले घरात खाता येतं रं पोरा, दुसऱ्याच्या ताटात कसं वाढू?"

"आत्या, तुझी नागली तर तुझ्या कणगीत आहे. तिला कोणी हात लावला?"

"पाड्याचं नवं एक असतं. तुला कंपनीत एवढं बी नाय शिकवलं?"

"मग व्यापाऱ्याला तरी घाला."

"तो पण दुसराच की," फागी म्हणाली. "तेला मी शिव्या देतंय, पण उष्टं नाय देणार."

एकीनं विचारलं, मग ह्या साली विकायचं काय? पोरांना मिठामसाल्याला, कपड्याला जे यायचं ते नागलीतून यायचं. भिवंडीची वाट सगळ्यांना माहीत होती. बाया उठल्या, लुगडी झटकली आणि चुली पेटवायला गेल्या. प्रतिभा तेवढी म्हणाली, "फोन घेऊन जा गटाचा. मला त्यातलं बघवत नाय."

कातळावर बसून दिपेश येणाऱ्या ऑर्डरी बघत राहिला. अशा दुकानांना पूजेसाठी, मयतासाठी, तापासाठी थांबायची सोय असावी, असं त्यानं कंपनीला लिहून पाठवलं. कंपनीच्या मशीननं लगेच आभार मानले. ऑर्डरी एकामागून एक चुकल्या, आणि नियमानं आपलं काम केलं, दुकान कायमचं बंद. कोडात कुठंच चूक नव्हती. नितीननं कळवलं, ह्या नियमाचा फार उपयोग होतोय, आता तो दुसऱ्या राज्यांतही लावायचाय, सोमवारपासून तेच काम घे. दिपेशनं "ओके सर" लिहिलं. दुसरं काय लिहिणार? घरात पगार तेवढाच.

पोश्या आला तो त्याच आठवड्यात. मुकादमाला न सांगता निघाला होता, एसटीनं जव्हार आणि पुढं रघ्याच्या जीपनं. बायकोला तिथंच ठेवून आलेला. रघ्याला सगळं ठाऊक होतं, तरी वाटेत तो काही बोलला नाही. पोश्या घरात न शिरता सरळ खळ्यावर गेला, पेंढा बाजूला केला आणि दिवस मावळेस्तोवर एकटाच झोडत राहिला. काठीचा आवाज कातळापर्यंत येत होता. पाड्यातलं कुणी खळ्याकडे फिरकलं नाही. सांगायचं कुणी, हा प्रश्न होता.

शेवटी दिपेशच उतरला. पोश्यानं रास गोळा करून वर झेंडूचं फूल ठेवलं होतं. अंगभर भूस, डोळे लाल.

"झालं बघ," पोश्या म्हणाला. "मुकादमाचे दहा फोन येऊन गेलं. आता तो घेत नाय परत. जाऊ दे. बाबानं दिवस कवाचा सांगितला?"

दिपेशनं त्याला सांगितलं. सगळं सांगितलं, फोटोसकट.

पोश्या राशीजवळ खाली बसला. फूल उचललं, ठेवायचं कुठं ते कळेना म्हणून हातातच धरून राहिला.

"मंग मला फोन कशाला केलास?" त्यानं विचारलं.