कुंकू लावलेल्या कांड्या

आधीच सांगते, हे लिहितानाबी मला राग येऊन राहिलाय. शांतपणे लिहायला बसले तर एक ओळ व्हायची न्हाई.

आमचा तांडा जवळा बाजारपासून थोडा आत. माझ्या बापाची, बापूची, एक म्हातारी लाल कंधारी गाय होती. माजावर यायची, डॉक्टर येऊन भरवून जायचा, पण गाभण राहायची न्हाई. तिच्या आधीच्या दोन्ही कालवडी लहानपणीच गेल्या. म्हणजे ही गेली की हिचं पुढं कुणीच न्हाई. आणि मी नोकरीला कुठं, तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या प्रयोगशाळेत, जिथं गायीच्या अंडाशयातली बीजं काढून काचेच्या बशीत गर्भ तयार करतात! बापूनं सरळ गाय टेम्पोत घातली आणि प्रयोगशाळेच्या दारात उभी केली. म्हणले, "दुनियेच्या गायींचं करून राहिलीस, आता घरच्या गायीचं कर."

बशीत गर्भ तयार होतो. तो जगवायचा, आणि गोठवून परत जिता काढायचा, तिथं जीव जातो. सात दिवस तो उबेच्या पेटीत, तेलाखाली एका थेंबात वाढतो. त्या थेंबात मीठ, साखर आणि गायीच्या रक्तातलं पातळ पाणी असतं, त्याला सिरम म्हणतात. आमच्याकडं सिरम हात सोडून टाकायचे. गर्भ पटापट वाढायचे, पण आतून चरबीनं काळे पडायचे आणि गोठवले की मरायचे. मी प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडमच्या मागं लागून लागून सिरम कमी करत नेलं. कितीतरी बशा वाया गेल्या. मग एक दिवस गोठवलेला गर्भ ऊन पाण्यात आणला, तर सुकल्या बोरासारखा आकसलेला तो जीव दुपारपर्यंत टम्म भरला! मी सूक्ष्मदर्शकावरून जेवायलाबी उठले न्हाई.

म्हातारीचे पाच गर्भ निघाले. पाच बारक्या कांड्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या नळ्या, एका कांडीत एक, बर्फाहून कितीतरी गार अशा पातळ नायट्रोजनच्या भांड्यात. मॅडम म्हणल्या, "गावात हे जगले तर तुझी पद्धत पुढं चालू. न्हाई तर जुनंच बरं." आणि त्या पाचांत आमच्या गायीचं सगळंच होतं, कारण मधल्या काळात म्हातारी गेली होती.

भांडं घेऊन तांड्यावर आले. ज्यांच्या पोटात गर्भ ठेवायचे त्या पाच गायी इंजेक्शनं देऊन तयार होत्या. तालुक्याचे साहेब आले, जनावरांचेच डॉक्टर, संगं फोटोवाला. मी म्हणले, "साहेब, मी गोठ्यात गायी बघून येते. भांड्याला कुणी हात लावू नका." साहेब म्हणले, "बाई, आमाला शिकवता का?"

आता आमच्याकडं रीत अशी की नवं जनावर आणलं की दावणीला बांधायच्या आधी त्याच्या पायावर पाणी घालायचं, कपाळाला कुंकू लावायचं. आई ताट घेऊन बसलेलीच होती. मी गोठ्यात असताना ती भांड्याला कुंकू लावायला गेली, तर बापू म्हणले, "भांड्याला काय लावतीस? लेकरं आत हायेत. साहेब, जरा वर काढा की, लोकायलाबी दिसू द्या."

आणि साहेबानं काढलं! कांड्यांचा आतला डबा दांडीला धरून पार बाहेर, उन्हात. धूर निघाला, लोकं टाळ्या वाजवू लागली, आईनं एकेका कांडीला कुंकू लावलं, फोटोवाला म्हणतोय, "इकडं बघा, मावशी." टाळ्या ऐकून मी पळत आले. तोवर डबा परत आत गेला होता. म्हणजे गर्भ विरघळले आणि परत गोठले, त्यात जीव राहत न्हाई. त्यापेक्षा मातीत टाकले असते तर बरं!

"काहून काढलं?" मी ओरडले. सगळ्यांसमोर. साहेबावर.

"अहो, दोन मिनिटांनी काय होतंय?"

"तुमी शिकलेले ना? आईला न्हाई माहीत, तुमाला बी न्हाई?"

बापू म्हणले, "पोरी, आवाज खाली."

मी कांड्या ऊन पाण्यात धरल्या, गर्भ बशीत काढले, दिवस कलंडेपर्यंत बघत बसले. एकबी भरला न्हाई. पाचबी तपकिरी, कडा फाटलेल्या. साहेब म्हणले, "ठेवून तर देऊ, लागलं तर लागलं." मेलेला जीव गायीच्या पोटात! मी बशी झाकून घेतली.

मग त्यांनी कागदावर लिहिलं, 'गोठवणीत गर्भ टिकले नाहीत,' आणि सहीसाठी माझ्यापुढं सरकवला. एवढी सही केली असती की माझं सगळं काम खोटं, प्रयोगशाळेत परत तेच काळे गर्भ, परत तेच मरण. मी ते वाक्य खोडलं. खाली लिहिलं, डबा नायट्रोजनमधून बाहेर काढून उन्हात धरला. लिहिताना हात थांबला. कुणाच्या सांगण्यावरून, हेबी लिहावं लागणार होतं.

बापू मागं उभे होते. त्यांना वाचता येत न्हाई, पण मी थांबले ते कळलं.

"काय अडलं?"

"तुमचं नाव."

आई ताटातलं पाणी ओतून आत निघून गेली.

"लिही," बापू म्हणले. "मीच म्हणलो. पन हात साहेबाचा होता, ते बी बराबर लिही."

साहेब म्हणले, "असला कागद मी वर पाठवणार न्हाई."

"तुमी नका पाठवू," मी म्हणले, आणि तोच मजकूर दुसऱ्या कागदावर मॅडमसाठी उतरवायला घेतला. खाली माझी सही, तिच्या बाजूला बापूचा अंगठा.