पाणपोईच्या भिंतीवरचा डावा हात

मार्च १९८६ : मुलुंडच्या आमच्या पाणपोईच्या भिंतीवर चित्र बसविण्यास लेखी परवानगी. जबाबदार : विभाग अधिकारी.
डिसेंबर १९८६ : चित्रातील चूक. जबाबदार : मी.
एप्रिल १९८७ : त्याच चित्रावर चुना. जबाबदार : पुन्हा तेच अधिकारी, आणि एक तक्रारदार, ज्याचे नाव मला आजतागायत कळू दिलेले नाही.

मधल्या नोंदीपासून सुरुवात करतो. स्वतःची चूक झाकून दुसऱ्याला जाब विचारणारा पक्षकार मला कोर्टातल्या नोकरीतही कधी आवडला नाही.

निवृत्तीनंतर मी फुटक्या लाद्यांची भित्तिचित्रे करायला शिकू लागलो. गुरू आमच्याच चाळीतले, लाद्या बसविणारे मालवणचे गवंडी; वयाने माझ्याहून लहान. चित्र साधे ठरले : एक बाई तांब्याने वाटसरूच्या ओंजळीत पाणी घालते आहे. आमची पद्धत अशी की तुकडे कागदावर पालथे चिकटवायचे, कागद भिंतीच्या ओल्या सिमेंटवर दाबायचा आणि सिमेंट धरले की भिजवून सोलायचा. कागदावर जे उजवीकडे, ते भिंतीवर डावीकडे येणार. म्हणून गवंड्यांनी बजावले, "वकिलानू, चित्र उलटा काढा."

मी वकील नव्हतो, कारकून होतो. पण उत्तर वकिली दिले. चित्राच्या मंजूर नकाशावर विभाग कार्यालयाचा शिक्का आहे, त्यातील एक रेषही फिरविण्याचा मला अधिकार नाही.

"शिक्को भिंतीक कळता काय?" एवढे म्हणून त्यांनी तोंडात पान कोंबले.

कागद सोलला तेव्हा बाई डाव्या हाताने पाणी घालत होती.

अर्धी चाळ जमली. "अगं बाई, डाव्या हातानं पाणी? पाहुण्याला की शत्रूला?" "एवढे कायदे शिकलात, उजवं-डावं नाही शिकलात?" मान खाली घालून मी छिन्नी मागितली. तेवढ्यात पाणपोईचे माठ भरणाऱ्या बाई पुढे आल्या आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"हात लावून तर बघा! मी डावखुरीच आहे. रोज डाव्यानंच पाणी देते, पिताय की सगळे. मेलं का कुणी?"

रोज दुपारी मी त्यांच्या हातचे पाणी पीत होतो आणि तो हात कधी पाहिला नव्हता. छिन्नी मी परत केली. रस्त्यावरचे चित्र काढायला मी शिकलो असेन तर त्या क्षणी.

चार महिने चित्र राहिले. बाया जाता-येता त्याला हसत, मुले पाणी प्यायला मुद्दाम डावा हात पुढे करीत. मग एका सकाळी चुना. कार्यालयाचे उत्तर एका ओळीचे : नागरिकांच्या तक्रारीवरून कार्यवाही. तक्रारीची नक्कल मागितली, ती गोपनीय. नाव मागितले, तेही गोपनीय. हरकत घ्यायची तर नोटीस द्यावी, म्हणणे ऐकावे, मग हात उचलावा, एवढे शिपायालाही ठाऊक असते. आमचे म्हणणे कोणी ऐकले?

लादीच्या चकाकीवर चुना टिकत नाही. माठवाल्या बाईंनी नारळाची शेंडी घेतली, मी बादली धरली, गवंडी म्हणाले, "आधी हात धुवा, बाकीचा मागसून." पहिला तो डावा हातच उजळला. कार्यालयाने पुन्हा चुना लावला. आम्ही पुन्हा धुतला. तिसऱ्या खेपेला त्यांनी सिमेंटचा गिलावा मारला. तो शेंडीने निघत नाही.

त्या गिलाव्याखाली चित्र शाबूत आहे, हे गवंड्यांनी मला ठोकून दाखविले आहे. ते अधिकारी निवृत्त झाले असतील. खुर्ची निवृत्त झालेली नाही. माझ्या सर्व पत्रांच्या पोचपावत्या माझ्यापाशी आहेत. आता पत्रोत्तर नको. त्या खुर्चीवर आज जो कोणी बसतो, त्याने भरदुपारी पाणपोईपाशी यावे, माठवाल्या बाईंसमोर उभे राहावे आणि ती तक्रार सही-नावासकट मोठ्याने वाचून दाखवावी. तक्रार मुळात नव्हतीच, असे असेल तर तेही तिथेच, सर्वांना ऐकू जाईल असे, सांगावे.