तुमच्यानंतर कोण

आमच्या प्राणी-निवाऱ्यात मांजर किंवा कुत्रा न्यायला येणाऱ्या माणसाला आधी ताईंच्या टेबलासमोर बसावं लागायचं. टेबल लोखंडी, एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. भिंतीला टांगलेले पट्टे आणि साखळ्या, कोपऱ्यात वजनकाटा, मागच्या दारातून येणारा फिनेलचा वास. माणूस हसत हसत यायचा, ते पांढरं पिल्लू आम्हाला द्या म्हणायचा, आणि ताई त्याच्यापुढे दोन पानी फॉर्म सरकवायच्या. घर स्वतःचं की भाड्याचं, दिवसा घरी कोण असतं, बाल्कनीला जाळी आहे का, आधी काही पाळलं असेल तर त्याचं पुढे काय झालं. इथपर्यंत सगळे भराभर लिहायचे. शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबायचं.

“तुमच्यानंतर या प्राण्याला कोण सांभाळेल? नाव, पत्ता, सही.”

तुमच्यानंतर म्हणजे काय, असं कुणी ना कुणी विचारायचंच. म्हणजे तुम्ही गेल्यावर, असं ताई हवामानाचा अंदाज सांगावा तशा सुरात सांगायच्या. नव्याने संसार मांडलेलं जोडपं असलं तर बायको नवऱ्याकडे बघायची, नवरा छताकडे. एक गृहस्थ एकदा चिडून म्हणाले, आम्ही मांजर न्यायला आलोय, विमा काढायला नाही. ताई म्हणाल्या, “विम्यात मागे पैसे उरतात. इथे मांजर उरतं.”

निवाऱ्याच्या डॉक्टरीणबाई त्यांना रकानाबाई म्हणायच्या. सकाळी आल्या आल्या विचारायच्या, काय रकानाबाई, आज किती जणांना मारलंत? ताई रजिस्टरातून मान वर न काढता सांगायच्या, सहा, त्यातले दोघे सही आणायला गेलेत.

मी तिथे आठवड्यातून तीन दिवस पिंजरे धुवायला जायचे. कुणी बघायला आलं की आम्ही “स्थळ आलं” म्हणायचो, आणि ताई खरोखरच घरातल्या मुलीबद्दल बोलावं तशा बोलायच्या. स्वभावाने गरीब आहे, खाण्याचे नखरे नाहीत, फक्त एकट्याने झोपायची सवय नाही. दोनशे-अडीचशे जनावरांच्या खोडी त्यांना पाठ होत्या. त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र साधा पोपटही नव्हता. नवऱ्याला दमा आहे, एवढंच त्या सांगायच्या.

साहेब हा आमचा सगळ्यात जुना कुत्रा. अकरा वर्षांचा, तपकिरी, तोंड पांढरं झालेलं, मागचे पाय अधू. आधीच्या मालकाने घर बदललं आणि नव्या घरात याच्यासाठी जागा निघाली नाही. पुढच्या एका पंजावर दुसरा ठेवून तो समोरच्याकडे असा बघायचा, जणू तो माणूस रजेचा अर्ज घेऊन आलाय आणि रजा काही मिळणार नाही. म्हणून साहेब. साहेब जेवले का, साहेबांचा मूड कसा आहे, असं आम्ही एकमेकींना विचारायचो. चौदा महिन्यांत त्याला एकही स्थळ आलं नव्हतं.

मग एका गुरुवारी सुतारकाका आले. आले ते पिंजऱ्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बदलायला. वय अठ्ठ्याहत्तर, बायको जाऊन तीन वर्षं झालेली, काम जवळजवळ बंदच, पण ओळखीच्यांनी बोलावलं की करवत-रंधा पिशवीत टाकून यायचे. ते खाली बसून स्क्रू काढत होते, आणि कुणासाठीही जागचा न हलणारा साहेब उठला, मागचे पाय ओढत चार पावलं गेला आणि त्यांच्या पिशवीला पाठ लावून आडवा झाला. काकांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नुसतं “जरा सरका,” म्हणाले आणि त्याच्या पोटाखालचा पेचकस काढून घेतला. ताई दारात चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. चहा प्यायचा राहूनच गेला.

पुढच्या गुरुवारी काका हत्यारांशिवाय आले. स्वच्छ शर्ट घातला होता. फॉर्म मागितला.

कुठलाही प्राणी देण्याआधी ताई घर बघायला जायच्या. त्या दिवशी फाइल धरायला मी बरोबर होते. बेकरीच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या, दाराशी तीन पायऱ्या. त्या पायऱ्यांवर काकांनी आधीच लाकडी उतार बसवला होता. नवी फळी, कडा घासून गोल केलेल्या, पाय घसरू नये म्हणून वीतभर अंतरावर गोणपाटाच्या पट्ट्या ठोकलेल्या. एवढा लांब कशाला केला, असं मी विचारलं. ते म्हणाले, साहेबांचा मागचा पाय मी गेल्या गुरुवारी हाताने मापून घेतला, याहून चढ जास्त झाला तर त्यांना जमणार नाही. आत, जेवायच्या बुटक्या टेबलाचा एक कोपरा कापून टाकला होता. तो कुत्र्याच्या डोळ्याच्या उंचीला येत होता. दुपारचं ऊन पडतं तिथून स्वतःची खुर्ची सरकवून साहेबासाठी चौघडी घातली होती.

ताई एकेका रकान्यात खूण करत गेल्या. इतक्या भराभर खुणा करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग शेवटचा रकाना आला.

“इथे?”

“इथे कुणी नाही, ताई.”

मूलबाळ नव्हतं. भाऊ होता, तो गेल्या वर्षी गेला. शेजारीण चांगली होती, पण कुत्रा दिसला की रस्ता बदलायची. काका म्हणाले, “तिच्याकडे सही मागितली असती तर दिली असती तिने. पण ती खोटी सही झाली असती. म्हणून नाही मागितली.”

ताईंचं पेन रकान्यावरच थांबलं. काकांनीच मग, जरा हसत, मार्ग काढला.

“तुमचं नाव घाला ना. मी काय उद्याच चाललोय?”

“माझं नाव चालत नाही.”

“कुणी ठरवलं?”

“मीच,” ताई म्हणाल्या आणि पेनाला टोपण लावलं.

परत येताना मी वाटेत भांडले. नियम तुमचाच आहे, तुम्हीच बदला, असं बरंच काही बोलले. बेकरीसमोर ताई थांबल्या. ओरडतील असं वाटलं, पण त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. अगदी थोडक्यात, पावती फाडावी तशी.

वडिलांचा एक कुत्रा होता. शेवटच्या आजारात दवाखान्यातल्या खाटेवरून त्यांनी विचारलं, त्याला तू आहेस ना? ताई म्हणाल्या, आहे ना बाबा. बाबा गेले. ताईंच्या घरी दोनच खोल्या, नवऱ्याचा दमा, सासूबाईंचं रोजचं बोलणं. तीन आठवड्यांत ताईंनी स्वतःच्या हाताने साखळी धरून त्याला इथे, याच निवाऱ्यात, याच टेबलापाशी आणून सोडलं. तेव्हा टेबलामागे दुसरं कुणी बसायचं आणि फॉर्म एकाच पानाचा होता. कुत्रा फाटकाकडे तोंड करून बसला. खाईना. ताई रोज कचेरी सुटल्यावर पाव घेऊन यायच्या.

“तो माझ्याकडे बघायचा नाही,” ताई म्हणाल्या. “माझ्या मागे बघायचा. बाबा येतायत का ते.”

एकोणीस दिवस काढले त्याने, मग गेला. त्यानंतर ताई निवाऱ्यात येतच राहिल्या, पुढे टेबलामागे बसल्या, आणि फॉर्मला दुसरं पान जोडलं.

“माझं नाव एकदा लिहून झालंय गं,” त्या म्हणाल्या. “त्याचं काय झालं ते मला ठाऊक आहे.”

काका दर गुरुवारी चारला येत राहिले. साहेबाच्या पिंजऱ्याजवळ बसायला त्यांनी एक बुटका पाट करून आणला. पावाच्या कडा काढून, आतला मऊ भाग कागदात बांधून आणायचे. दोघं फारसं काही करायचे नाहीत. काका कुठल्याशा जुन्या गिऱ्हाइकाच्या तऱ्हा सांगायचे, साहेब पंजावर पंजा ठेवून ऐकायचा, मधूनच जांभई द्यायचा. “कंटाळले साहेब. विषय बदलतो,” काका म्हणायचे. पाच वाजले की उठताना ताईंना विचारायचे, मिळालं का कुणी? ताई नाही म्हणायच्या. घरी उतार रोज झाडतो, असं काका सांगायचे. “आता मीच त्यावरून चढतो. गुडघ्याला बरं पडतं.”

ताई हातावर हात ठेवून बसल्या होत्या असं नाही. काकांच्या भावाच्या सुनेला त्यांनी तीन फोन केले. ती दूर राहायची, हो-नाही करत राहिली. गल्लीतल्या शिंप्याला विचारलं, बेकरीवाल्याला विचारलं, डॉक्टरीणबाईंना विचारलं. डॉक्टरीणबाईंकडे आधीच पाच कुत्रे होते. त्या म्हणाल्या, “रकानाबाई, सगळ्या गावाला विचारून झालं. एक माणूस राहिलंय.” ताईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. असे सात महिने गेले.

एका सोमवारी साहेब उठला नाही. मूत्रपिंडं गेली होती. डॉक्टरीणबाईंनी दोन दिवस सलाइन लावलं. ताई त्या दोन दिवसांत टेबलापाशी बसल्याच नाहीत. आलेल्या स्थळांना शनिवारी या म्हणून परत पाठवलं. बुधवारी दुपारी तो गेला. काकांना कळवायला मी जाते म्हटलं, तर ताईंनी अडवलं. मी सांगेन, म्हणाल्या.

गुरुवारी चारला काका आले. हातात कागदाची पुडी. ताई फाटकातच उभ्या होत्या.

“काका, साहेब काल गेले.”

आम्ही थट्टेत त्याला अहो-जाहो करायचो. त्या दिवशी त्यात थट्टा नव्हती.

काका थोडा वेळ पिंजऱ्यांच्या दिशेने बघत राहिले. मग विचारलं, दुखलं का त्यांना? ताईंनी सांगितलं, डॉक्टरीणबाईंनी दुखू दिलं नाही. जवळ कुणी होतं का? मी होते, ताई म्हणाल्या. काकांनी मान हलवली आणि पुडी माझ्या हातात दिली. बाकीच्यांना द्या, म्हणाले. कडा काढल्यात.

ताईंनी त्यांना टेबलापाशी बसवलं आणि खणातून एक फॉर्म काढला. सगळा भरून ठेवलेला. प्राणी: मांजर, नऊ वर्षं, एक डोळा अधू, माणसाळलेलं. शेवटच्या रकान्यात ताईंचं नाव, ताईंचा पत्ता, ताईंची सही. काकांनी खिशातून चष्मा काढला आणि पहिल्या ओळीपासून वाचलं. फार वेळ लागला. मी दारात बादली धरून उभी होते, खाली ठेवायला आवाज नको म्हणून.

“हे तुमचं नाव,” काका म्हणाले.

“हो.”

“हे तेव्हा नव्हतं का तुमच्याकडे?”

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“होतं,” ताई म्हणाल्या. “पण त्याची मला खात्री नव्हती, काका.”

“आणि आता?”

“आताही नाही. पण लिहिलंय.”

काकांनी चष्मा मिटून खिशात ठेवला आणि फॉर्म हलकेच परत सरकवला.

“मांजर चांगलंच असणार,” ते म्हणाले. “पण मी उतार केला होता, ताई. मांजराला काय, तीन पायऱ्या म्हणजे तीन उड्या.”

पाट इथेच राहू दे म्हणाले, आणि गेले. पुन्हा गुरुवारी आले नाहीत. ताई दोनदा त्यांच्या घरी जाऊन आल्या. काकांनी चहा केला, इकडचं तिकडचं बोलले, ताईंनी दिलेला फोन नंबर भिंतीवर लिहून घेतला. कुत्र्याचा विषय दोघांनीही काढला नाही.

काका त्यानंतर पाच वर्षं जगले. साहेबाला आणखी जगून जगून किती जगायचं होतं? ते सात महिने त्या पाच वर्षांत कुठेही, सहज बसले असते. हे आम्ही कुणी ताईंना बोलून दाखवलं नाही. गरज नव्हती.

त्या पाच वर्षांत ताईंनी एकतीस म्हाताऱ्या माणसांच्या फॉर्मवर स्वतःचं नाव लिहिलं. त्यातली चार माणसं गेली. चारही वेळा ताई स्वतः गेल्या आणि मागे राहिलेलं जनावर स्वतःच्या घरी घेऊन आल्या. नवऱ्याने आधी आकांडतांडव केलं, मग आतल्या खोलीचं दार लावून घेऊन राहायला शिकला. दम्याचा पंप खिशात, आणि दाराच्या फटीतून कुत्र्यांना शिव्या. त्यातल्या एकीला तो चोरून बिस्किटं द्यायचा, असं ताई म्हणायच्या.

मग एका सकाळी काकांच्या शेजारणीचा फोन आला, काका गेले म्हणून. चुलीवरच्या भिंतीवर तुमचा नंबर दिसला, म्हणाली. आम्ही दोघी गेलो. आणायला काहीच नव्हतं. त्या घरात आमचं एकही जनावर नव्हतं. ताई तरी सगळीकडे फिरल्या. टेबलाचा कापलेला कोपरा, उन्हातली मोकळी जागा. खुर्ची काकांनी पुन्हा तिथे कधी सरकवलीच नव्हती. दाराशी उतार होता. मधल्या गोणपाटाच्या पट्ट्या चपलांनी झिजून पार सुताच्या झाल्या होत्या.

शेजारणीला विचारून आम्ही तो उचलला. जड होता. ताईंच्या दाराला दोनच पायऱ्या, त्यामुळे तो लांब पडला, अंगणात अर्ध्यापर्यंत आला. संध्याकाळी ताईंनी घरातल्या म्हाताऱ्या कुत्र्याला, एका दिवंगत शिक्षकाच्या, त्यावरून वर न्यायचा प्रयत्न केला. तो मधल्या पट्ट्यांपर्यंत आला, त्या झिजलेल्या जागी नाक लावलं, बराच वेळ हुंगलं, आणि तिथेच आडवा झाला, रस्त्याकडे तोंड करून.

ताईंनी त्याला हाक मारली नाही. शेजारच्या पायरीवर बसल्या, आणि तो जिकडे बघत होता तिकडे बघत राहिल्या.