पूर्ण बरी व्हायची वाट

"एकच दिवस धान रोवण्याले आली अन् आडवी झाली. इंग्लिश मीडियमची कंबर हाय ना बाई."

वॉर्डातल्या पडद्यापलीकडे लाखांदूरची मावशी आईला सांगत होती. मी जागी होते, पण डोळे मिटून पडले होते. तेवढ्यात डॉक्टर मॅडम रिपोर्ट घेऊन आल्या. "कंबर नाही हो," त्या म्हणाल्या, "हिला सिकल सेल आहे."

यात रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. रक्त पोचत नाही तिथे हाडं ठणकतात. त्याला क्रायसिस म्हणतात. आई-बाबा दोघंही वाहक निघाले, दोघांकडून एकेक दोष माझ्यात आला. त्यांना स्वतःला कधी त्रास नव्हता, म्हणून आमच्या घरात कोणी रक्त तपासलंच नव्हतं.

मला हैदराबादला एम.एस्सी.ची जागा मिळाली होती. पुढची दहा वर्षं मी आखून ठेवली होती. जाण्याआधी एकदा मावशीच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, धान रोवावं, एवढीच हौस. दिवसभर गार पाण्यात वाकून होते आणि नाजूक म्हणतील या लाजेपोटी प्यायला पाणी मागितलं नाही. या दोन्हींनीच क्रायसिस ओढवला. संध्याकाळी कण्हायला लागले, तर कोणी घाबरलं नाही. आमच्याकडे रोवण्यात सगळ्यांचीच कंबर जाते. मावशीनं तेल चोळलं, विटेनं शेकलं. डोळे पिवळे झाले, धाप लागली, तेव्हा भंडाऱ्याच्या दवाखान्यात आणलं. तुमच्या घरी कोणी असं कण्हत असेल तर खुशाल शेका, पण रक्तही तपासून घ्या.

सलाइन, ऑक्सिजन आणि दुखण्यावरच्या इंजेक्शनांनी दुखणं उतरलं, तशी मी आजाराचीही आखणी करायला लागले. वर्षातून किती वेळा? कोणत्या महिन्यांत?

"सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "दोन वर्षं काही होणार नाही, किंवा पुढच्या आठवड्यात होईल. पाणी भरपूर पी. ताप आला तर घरी थांबू नकोस. हायड्रॉक्सियुरिया रोज घे." पेशी वाकड्या होणं कमी करणारी ही गोळी.

मी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

शेजारच्या खाटेवर आंबागडची एक ताई होती. तिलाही हेच. नणंदेच्या हळदीतून थेट आलेली, हातावर मेंदी. तिची सासू म्हणाली, "आता लग्नाले कायले जातेस? पडून राह्य."

"पडून राहिलो तरी दुखते, नाचलो तरी दुखते," ताई म्हणाली. "मंग नाचतो ना."

सासूसुद्धा हसली. मी भिंतीकडे तोंड केलं, पण हसू मलाही आलं. कितीतरी दिवसांनी.

घरी सोडायच्या दिवशी बाबा रिक्षा घेऊन आले. त्यांनी मनाशी ठरवूनच ठेवलं होतं. "यंदा जागा सोडून दे बेटा. पूर्ण बरी झाली का मंग जाशील. जग कुठं पळून चाललं?"

आईनंही होकाराची मान डोलावली. मावशी पिशव्या बांधत होती, ती थांबली. एरवी मी गप्प बसले असते आणि ते माझं हो धरलं गेलं असतं. यावेळी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी म्हणाले,

"बाबा, पूर्ण बरी झाले असा दिवस यायचाच नाही. मी यंदाच जाते. दुखलं तर तिथल्या दवाखान्यात भरती होईन, अन् तुम्हाला फोन करीन."