तोळाभर धार

ज्या माणसाची ही हकिगत आहे, त्याने एकतीस वर्षे काळोखात उभे राहून दुसऱ्यांचे आवाज सांभाळले. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेमागे, लाकडी कठड्याआड, बटणांनी भरलेल्या एका तिरक्या मेजापाशी त्याची जागा होती. रंगमंचावर कोण गात आहे हे प्रेक्षक जाणतात; तो स्वर आपल्यापर्यंत किती मृदू, किती प्रखर होऊन पोहोचावा हे ठरवणारा एक मनुष्य आपल्या पाठीशी उभा आहे, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसते. किंबहुना ते ध्यानात न येणे हेच त्या विद्येचे साफल्य होय.

ध्वनीचे माप तो सोनाराच्या भाषेत सांगे. "गिटार तोळाभर खाली घेऊ. बाईंच्या आवाजाला तोळाभर धार देऊ." त्यामुळे अख्ख्या मंडळीत त्याचे नाव तोळाकाका पडले होते. ड्रमवाला त्याला नेहमी डिवचायचा, "काका, मला कधीतरी किलोच्या भावाने वाढवा की!" त्यावर काकांचे उत्तर ठरलेले. "तुझा ड्रम भंगाराच्या भावात चाललाय, तेवढं पुरे आहे."

यंत्रावर काटे होते, दिवे होते. पण काकांचा विश्वास कानावर. डोळे मिटून ऐकावे, बोट हलवावे, पुन्हा ऐकावे, ही त्यांची उपासनेची रीत. दिग्दर्शक वयाने लहान, कामात कडक. तोही शेवटचा शब्द काकांच्या कानाचा मानीत असे.

त्या काळी मंडळीचे एक रॉक संगीतनाटक जोरात चालले होते. काचेच्या कारखान्यातील संप हा त्याचा विषय. संपाचा पुढारी असलेला मुलगा लपतछपत आईच्या घरी येतो. खिडकीत दिवा लावू नकोस असे तिला बजावतो. आणि पहाटे आई दिवा लावते. त्या उजेडावर शिपाई घर शोधून काढतात. मुलगा मारला जातो. शेवटी गिटार, ड्रम सारे थांबतात आणि आई एकटी गाते, "दिवाच तर लावला मी." तिने तो सवयीने लावला, की मुलगा पकडला गेला तर निदान जिवंत राहील या हिशेबाने, हे नाटककाराने कुठेच सांगितलेले नाही. सारा निवाडा त्या एका ओळीच्या उच्चारावर सोडलेला.

या निवाड्याचे न्यायालय नाट्यगृहासमोरच्या बेकरीत भरत असे. शनिवारचा दुपारचा प्रयोग सुटला, की नाटकाचे तीन निस्सीम चाहते कोपऱ्यातल्या टेबलाशी जमत. एक होत्या ग्रंथपाल बाई, प्रौढ आणि चष्म्यावरून बघणाऱ्या. दुसरी पशुवैद्यकाची विद्यार्थिनी; तिचा आवाज बारीक आणि बोलणे भरधाव. तिसरा स्वतः बेकरीवाला. दुकान भाचीवर सोपवून हा गृहस्थ दर शनिवारी पहिल्या रांगेत बसे. काका शेजारच्या टेबलावर चहा घेत. रोज नाटक बघणारा कुणी हौशी म्हातारा असावा, असा त्या तिघांचा समज होता आणि काकांनी तो कधी दूर केला नाही. वर्तमानपत्रांतली परीक्षणे ते वाचत नसत. आपल्या कामाची पावती त्यांना या टेबलावरून मिळे.

गेल्या काही महिन्यांत मात्र काकांना एक चिंता लागून राहिली होती. आईची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीच्या स्वरावरचे तेज त्यांना उणावल्यासारखे भासत होते. जणू कुणी तिच्यापुढे एक जाड पडदा धरला होता. मायेने त्यांनी तोळाभर धार, म्हणजे स्वरातला वरचा बारीक अंश, वाढवली; झांजाही मंद वाटल्या म्हणून त्यांनाही थोडी दिली. पंधरा दिवसांनी पुन्हा वाढवली. आणि दिग्दर्शकाने जेव्हा कुजबुजत विचारले, "काका, बाईंचं काहीतरी बिघडलंय. तुमचा कान काय म्हणतो?" तेव्हा त्यांनी खाली मान घालून सांगितले, "गळा थकलाय. आता भरून येईलसं वाटत नाही."

तेवढ्या एका वाक्यावर निर्णय झाला. नव्या नटीच्या तालमी सुरू झाल्या. रविवारचा प्रयोग जुन्या अभिनेत्रीचा अखेरचा, असे ठरले.

त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, बेकरीत वादाला तोंड फुटले होते.

"मी सांगते, तिने मुद्दामच लावला दिवा," विद्यार्थिनी म्हणाली. "आई कसली, खबरी आहे ती!"

"अगं, तूच या टेबलावर तिच्यासाठी रुमाल भिजवला होतास ना?" ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

"तेव्हा ती रडायची, बाई. आता खेकसते. शेवटची ओळ ऐकलीत आज? कानात सुई खुपसल्यासारखी!"

"डॉक्टरीणबाई, जनावरांना तरी जपून सुई टोचा," बेकरीवाला आपल्या घोगऱ्या, जड आवाजात म्हणाला. "पण खरं आहे. तिचं ते 'दिवाच' असं लागतं, की दिवा विझावा. गळा संपला बाईंचा."

"गळ्याचं मला कळत नाही," ग्रंथपाल बाई चहा ढवळत म्हणाल्या. "पण त्या ड्रमच्या झांजा? त्यासुद्धा हल्ली पत्र्यासारख्या वाजतात. झांजांचाही गळा संपतो होय?"

काकांच्या हातातला कप अधांतरी राहिला.

तेवढ्यात बेकरीवाला ताडकन उठला, भट्टीकडे गेला आणि पाव काढून परत आला. हे काकांनी कैक शनिवारी पाहिले होते. पावाची वेळ या माणसाला अंतर्ज्ञानाने कळते, असे त्यांना मनोमन कौतुक होते. आज त्यांनी प्रथमच विचारले, "तुम्हाला नेमकं कसं हो कळतं?"

"काय कसं कळतं?"

"पाव झाल्याचं."

बेकरीवाल्याने त्यांच्याकडे पाहिले. "काका, घंटी वाजतेय ना केव्हाची! अजून वाजतेय, बंद करायची राहिलीय. ऐका की."

तिघांनाही ती ऐकू येत होती. विद्यार्थिनीने त्या आवाजाने नाकही मुरडले. काकांनी डोळे मिटले, आयुष्यभर मिटत आले तसे. बशांचा खडखडाट ऐकू आला, रस्त्यावरच्या मोटारींची घरघर ऐकू आली. घंटी नव्हती. ज्या उंचीवर ती वाजत होती तिथे त्यांच्यापुरती निव्वळ शांतता होती. आणि तिथेच झांजांचे तेज असते, स्त्रीकंठाची झळाळी असते. एकेक तोळा करीत आपण कोणाच्या कानात काय ओतत आलो, हे त्या शांततेने त्यांना स्वच्छ सांगितले.

चहा तसाच टाकून ते घरी आले. पत्नी शिवणयंत्रावर उशांचे अभ्रे शिवत होती. यंत्र थांबेपर्यंत ते दारात उभे राहिले.

"मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत," ते म्हणाले.

तिने सुईतला दोरा दातांनी तोडला. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. मी खालच्या पट्टीत बोलायला लागले, तुमच्या लक्षात नाही आलं? मला वाटलं, तुम्हाला कळलंय आणि त्यावर बोलायचं नाहीये. तुमच्या कानाबद्दल तुम्हाला मी कुठल्या तोंडानं सांगणार होते?"

ज्या घरात एका माणसाचा कान हे दैवत मानले गेले, तिथे दैवत भंगले आहे असे उच्चारण्याचे धाडस कोण करणार! काका खुर्चीत बसले आणि अभिनेत्रीची सारी हकिगत त्यांनी सांगितली. मान्य करावे तर एकतीस वर्षांची जागा उद्याच सुटते. गप्प राहावे तर कुणालाच काही कळणार नाही. अभिनेत्री जाईल, नवी येईल, आणि तिचाही गळा ते असेच कापतील. पत्नीने अभ्र्याची घडी घातली आणि एवढेच विचारले, "ती बाई उद्या किती वाजता येते?"

रविवारी सकाळी रिकाम्या प्रेक्षागृहात दिग्दर्शक नव्या नटीच्या जागा आखून घेत होता. अभिनेत्री आपल्या खोलीतला आरसा आणि डबे पिशवीत भरत होती. काकांनी दोघांना मेजापाशी बोलावले. खिशातून एक कागद काढला. पहिल्या प्रयोगाच्या दिवशी कोणते बटण कुठे होते, त्याची ती टिपणे होती. एकेक बटण त्यांनी त्या खुणेवर आणले आणि म्हणाले, "बाई, एकदा शेवटचं गाणं म्हणाल? साथ नको. नुसती ओळ."

ती नाखुशीने रंगमंचावर गेली. गायली. काकांना घोंगडीआडून यावा तसा काहीसा स्वर आला. त्यांनी दिग्दर्शकाकडे पाहिले. त्या कडक माणसाने डोळ्यांवरून हात फिरवला आणि तो खाली बसला.

"हिचा गळा शाबूत आहे," काका म्हणाले. "कान माझा गेलाय. मी धार वाढवत गेलो आणि दोष हिला दिला. तुम्ही विचारलंत, तेव्हाही मी हिचंच नाव सांगितलं."

अभिनेत्री खाली आली.

"काका, किती दिवस?"

"तीन महिने. थोडं जास्तच असेल."

"तीन महिने." तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "डॉक्टर म्हणाले, गळ्यात काही दिसत नाही, पण प्रयोगाखेरीज बोलणं बंद ठेवून बघा. तीन आठवडे मी मौन पाळलं. लेकीशी पाटीवर लिहून बोलत होते. सहा वर्षांची आहे हो ती. तिला अजून जोडाक्षरं वाचता येत नाहीत. सोपे सोपे शब्द शोधून लिहायचे मी. एकदा तिने पाटी पुसली आणि म्हणाली, आई, तू रागावली आहेस तर तसं सांग ना."

काकांनी हात जोडले.

"तुम्ही आज सांगितलंत, हे मोठंच आहे," ती म्हणाली. "पण माफ केलं असं मला आज म्हणवत नाही. उगाच म्हणून काय उपयोग?"

"नका म्हणू," काका म्हणाले.

तिची भूमिका तिच्याकडेच राहिली. मेजावर दुसऱ्या नाट्यगृहातून एक ध्वनिसंयोजिका आली. काकांनी ती टिपणे तिच्या स्वाधीन केली, कुठले बटण जरा अडते ते दाखवले आणि आपला चहाचा पेला उचलून ते कठड्याबाहेर आले. ड्रमवाल्याने काठ्या खाली ठेवल्या. तो नुसताच त्यांच्या खांद्याला खांदा लावून दारापर्यंत चालत गेला.

पुढच्या शनिवारी त्यांनी तिकीट काढून नाटक पाहिले. शेवटच्या ओळीला सभागृह निःशब्द झाले एवढे त्यांना समोरच्या रांगेतल्या पाठींवरून कळले. मग ते बेकरीत गेले आणि या खेपेस, विचारून, त्या तिघांच्याच टेबलाशी बसले.

"बाईंना विश्रांती मानवली बरं का!" ग्रंथपाल बाई सांगत होत्या. "काय लागला आज आवाज!"

"विश्रांती नव्हे," काका म्हणाले. "गळा तिचा तोच होता. आवाजाच्या मेजाशी मी होतो. मला ऐकू येईनासं झालं होतं, म्हणून मी तो वाढवत होतो. तुम्हाला जी खबरी वाटली ती आई माझी होती, तिची नव्हे."

ग्रंथपाल बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि आम्ही तिला काय काय बोललो!" त्या म्हणाल्या. बेकरीवाल्याने न विचारता काकांपुढे चहा ठेवला. विद्यार्थिनी मात्र पुन्हा नाटकाकडेच वळली. ती हातवारे करीत काहीतरी सांगू लागली. काकांना तिचे ओठ दिसत होते. शब्द तुकड्यातुकड्यांनी येत होते.

"काय म्हणतेय ती?" त्यांनी बेकरीवाल्याला विचारले.

"म्हणतेय, आता तिची खात्री झाली. दिवा सवयीनंच लावला."

"कशावरून?"

विद्यार्थिनी पुन्हा बोलली. बेकरीवाल्याने तिचे सगळे ऐकून घेतले आणि आपल्या जड आवाजात सावकाश सांगितले, "'दिवाच' म्हणताना बाईंचा आवाज वर जातो, आणि तिथे किंचित चिरतो. केसाएवढा. जिला आधीपासून ठाऊक असेल तिचा आवाज असा चिरणार नाही, असं म्हणणं आहे डॉक्टरीणबाईंचं."

"मला नाही पटत," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "ठाऊक असणारीचाच चिरतो."

नाटकाच्या इतक्या प्रयोगांत त्या मेजाशी काकांना हा प्रश्न कधी पडला नव्हता. त्यांनी खुर्ची बेकरीवाल्याच्या जवळ ओढली.

"कुठे चिरतो?" ते म्हणाले. "'दि'वर की 'वा'वर? तिला विचारा. नीट आठवून सांग म्हणावं, मला घाई नाही."